मुलांची चिंता मोजणाऱ्या प्रश्नावल्या: विदर्भातल्या गावशाळांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा, पालकसभा, आशाताईंच्या बैठका अशा ठिकाणी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण गफलत तिथेच जास्त होते.

ही प्रश्नावली म्हणजे नेमकं काय?

मुलाला स्वतःबद्दलची लहान लहान वाक्यं दिलेली असतात. घाबरलो की श्वास जड होतो, लोक काय म्हणतील याचा घोर लागतो, आईबाबांना काही होईल असं सारखं मनात येतं, अशा धाटणीची. प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं ते मूल स्वतः ठरवतं आणि खूण करतं. खुणांना अंक असतात, अंकांची बेरीज होते.

मुलालाच विचारायचं, कारण चिंता बरीचशी आत घडते. पोटात गोळा आलेला बाहेरून कोणाला दिसतो? पोरगी मागच्या बाकावर गुपचूप बसलेली असते आणि गुरुजी म्हणतात, काही त्रास नाही हिचा.

मात्र बेरजेचा आकडा हा त्या दिवशी, त्या खोलीत, त्या माणसासमोर मुलानं दिलेल्या उत्तरांचा असतो. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

यात पास-नापास असतं का?

नाही. बरोबर उत्तर, चूक उत्तर असंही नसतं. हे मुलांना आधी दोनदा सांगा. आपल्या शाळांत कागद हातात आला की पोरं त्याला पेपरच समजतात.

कोणत्या प्रश्नावल्या वापरात आहेत? आम्ही कोणती घ्यावी?

शाळेच्या कामासाठी दोन नावं आधी येतात. पहिली ‘स्पेन्स चिल्ड्रन्स अँग्झायटी स्केल’. ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञ सुसान स्पेन्स यांनी ती १९९० च्या दशकात तयार केली. तिच्यात ४४ वाक्यं आहेत, पण गुण धरतात ते ३८ चे. उरलेली ६ वाक्यं चांगल्या गोष्टींची आहेत, म्हणजे मुलाला सगळा कागद दुखण्याखुपण्याचाच वाटू नये. उत्तरं ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत, अंक ० ते ३, जास्तीत जास्त बेरीज ११४.

दुसरी ‘स्केअर्ड’. अमेरिकेत पिट्सबर्गला बोरिस बर्माहर आणि सहकाऱ्यांनी ती १९९७ मध्ये मांडली, तेव्हा ३८ वाक्यं होती. १९९९ मध्ये ती ४१ झाली आणि आता तीच चालते. अंक ० ते २, जास्तीत जास्त ८२. मागच्या तीन महिन्यांबद्दल विचारते. पालकांसाठी हीच वाक्यं असलेला वेगळा कागद आहे, आणि आपल्याकडे तो फार कामी येतो.

चिंतेसोबत उदासीनतेचाही अंदाज हवा असेल तर ४७ वाक्यांची ‘आरकॅड्स’ आहे, ती २००० सालची. रेनॉल्ड्स आणि रिचमंड यांची १९७८ ची ३७ प्रश्नांची हो-नाही पद्धतीची प्रश्नावली जुन्या प्रबंधांत अजून दिसते. तिच्यातले ९ प्रश्न मूल स्वतःला फारच गुणी दाखवतंय का हे पाहण्यासाठी आहेत. कल्पना हुशारीची आहे.

‘जीएडी-७’ फक्त सात प्रश्नांची असल्यानं सगळ्यांना आवडते. ती २००६ मध्ये मोठ्यांसाठी बनली. नववी ते बारावीच्या मुलांना देतात, पण पाचवीच्या पोराला देऊ नका. घर सोडून राहण्याची भीती, शाळेची भीती हे तिच्यात येतच नाही.

माझं मत विचाराल तर ‘स्केअर्ड’ घ्या, मुलाचा आणि पालकाचा दोन्ही कागद. ती आणि स्पेन्स यांची, दोन्ही विनामूल्य मिळतात. पैसे मोजून घ्यायच्या प्रश्नावल्यांच्या झेरॉक्स काढून वाटणं चालतं असं धरून चालू नका.

कितव्या वर्षापासून देता येते?

साधारण आठ. अमेरिकेत प्रतिबंधक आरोग्यसेवांवर शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञगटानं २०२२ मध्ये ८ ते १८ वयोगटात चिंतेची चाळणी, म्हणजे त्रास दिसत नसला तरी सगळ्यांनाच विचारून पाहणं, करावी असं सांगितलं. त्याहून लहान मुलांसाठी मात्र पुरावा अपुरा आहे, असं म्हटलं. लहान मुलांसाठी पालकांनी भरायचे वेगळे कागद असतात.

पण वय झालं म्हणजे वाचता आलं असं नाही. चौथीतलं मूल अडखळत वाचत असेल तर तुम्ही वाचून दाखवा. सगळ्यांना एकाच वेगानं, एकाच आवाजात. ‘तुला भीती तर नाही ना वाटत?’ असा सूर लावला की उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. शिवाय ‘मागचे तीन महिने’ हा हिशेब आठ वर्षांच्या मुलाला जमत नाही. ‘पोळ्यापासून आतापर्यंत’, ‘दिवाळीच्या सुट्टीनंतर’ असं काही धरून द्या.

गुण कसे मोजायचे?

‘स्केअर्ड’चं सांगते. ४१ वाक्यांचे पाच गट आहेत: एकदम घाबरं होणं आणि अंगावर येणारी लक्षणं (१३ वाक्यं), सतत कशाची ना कशाची काळजी (९), आईवडिलांपासून दूर जाण्याची भीती (८), लोकांसमोरची भीती (७), शाळा टाळणं (४). एकूण २५ किंवा जास्त आले तर पुढे बघायचं. गटागटाच्या खुणा याच क्रमानं ७, ९, ५, ८ आणि ३.

नुसत्या एकूण बेरजेवर थांबू नका. समजा एका मुलीचे एकूण २० आले, म्हणजे रेषेच्या खाली. पण त्यातले ६ शाळा टाळण्याच्या चार वाक्यांतून आले. त्या गटात जास्तीत जास्त ८ च मिळू शकतात. ही मुलगी बेरजेत लपून जाते, आणि पुढच्या जूनमध्ये तिचं नाव पटावरून गेलेलं असतं.

सुटलेल्या वाक्याला शून्य देऊ नका. मुलाकडे परत जाऊन विचारा. सुटलेलं वाक्य बहुतेकदा कळलेलं नसतं, कधी मुद्दाम सोडलेलं असतं.

२५ च्या वर आले म्हणजे मुलाला आजार आहे का?

नाही, आणि याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघाच. समजा शाळेत २०० मुलं आहेत आणि खरोखर चिंतेचा विकार त्यातल्या १० जणांना आहे. प्रश्नावली चांगली आहे असं धरू: विकार असलेल्या शंभरातले ८० ती पकडते आणि नसलेल्या शंभरातल्या ८० जणांना बरोबर सोडते. म्हणजे १० पैकी ८ सापडले, २ सुटले. उरलेल्या १९० मधले ३८ मात्र उगाच रेषेच्या वर गेले. तुमच्या हातात ४६ नावं आली, त्यातली खरी ८.

आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण गणित असंच चालतं. विकार जितका कमी आढळणारा, तितकी खोटी नावं जास्त. आणि हा विकार काही शंभरातल्या पन्नास जणांना नसतो, थोड्यांनाच असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयात कोणताही मानसिक विकार असलेल्यांचं प्रमाण ७.३ टक्के आलं होतं. (बारा राज्यांत ते झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. तरी अंदाजाला पुरे.)

म्हणून ४६ नावांची यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवणं आणि ४६ मुलांशी एकेकट्यानं दहा-पंधरा मिनिटं बोलणं यांत फार फरक आहे. पहिलं करायचं नाही. दुसरं करायला माणूस नसेल तर कागद वाटूच नका. आणखी एक, २५ ची रेषा ठरली ती पिट्सबर्गच्या दवाखान्यात आलेल्या मुलांवरून. यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळेत ती जशीच्या तशी लागू पडेल अशी खात्री कोणी देऊ नये.

आमच्याकडे वाघ खरंच येते. मग पोरगं ‘भेव लागते’ म्हणणारच ना?

म्हणणारच, आणि त्यानं तसं म्हटलं तर त्याचं काही बिघडलेलं नाही. ताडोबाच्या आसपासची, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडची गावं घ्या. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला माणसं पहाटे जंगलात जातात आणि सगळी परत येतीलच असं नसतं. तिथल्या मुलाला ‘आईबाबांना काहीतरी होईल असं वाटतं का?’ विचारलं आणि त्यानं ‘हो, नेहमी’ म्हटलं, तर त्यानं परिस्थितीचं वर्णन केलं. कर्जापायी शेजारच्या घरातल्या माणसानं कीटकनाशक घेतलेलं ज्या मुलानं पाहिलं, त्याचंही तसंच. बाप उशिरापर्यंत वावरातून आला नाही की त्याचा जीव खालीवर होतो. कागदावर हे सगळं ‘दूर जाण्याची भीती’ या खान्यात पडतं.

मग फरक कसा करायचा? खूण केलेल्या वाक्यावर बोट ठेवून तीन-चार गोष्टी विचारा. हे कधी वाटतं, फक्त बाबा जंगलात गेले की ते समोर खाटेवर बसलेले असतानाही? ते घरी आले की जातं का? यापायी काय काय सुटलं, खेळ, जेवण, झोप, शाळा? मागच्या वर्षीही असंच होतं का? धोका टळल्यावर भीती उतरत असेल आणि मूल खातंपितं, खेळतं असेल, तर त्याला दिलासा आणि सोबत हवी. भरल्या घरात, भर दुपारीही भीती सुटत नसेल, मायचा पदर सोडवत नसेल, तर पुढे पाठवायला हवं.

याची उलटी बाजूही आहे. ‘इथं सगळेच भितात’ म्हणून आपण मोठी माणसं हात झटकतो. खऱ्या धोक्याच्या गावातही एखाद्या मुलाची चिंता विकाराच्या थराला गेलेली असू शकते, आणि त्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.

काही वाक्यं तर इथे अधांतरी लटकतात. स्पेन्स यांच्या प्रश्नावलीत उंच जागा आणि लिफ्टच्या भीतीचं एक वाक्य आहे. ज्यानं लिफ्ट पाहिलीच नाही ते मूल ‘कधीच नाही’ लिहितं आणि शूर ठरतं. घराबाहेर झोपण्याच्या भीतीचं वाक्य आश्रमशाळेतल्या मुलाला विचारलं तर वेगळंच काही मोजलं जातं: तो रोजच घराबाहेर झोपतो.

छातीत धडधड, दम लागणं, चक्कर येणं. हे चिंतेचं की अशक्तपणाचं?

विदर्भात हा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे, आणि शहरातून आलेली माणसं तो सहसा विचारत नाहीत. ‘स्केअर्ड’मधला सगळ्यात मोठा गट, ती १३ वाक्यं, बऱ्याच अंशी शरीराबद्दल आहे. रक्त कमी असलेल्या मुलीला धडधडतं, हातपाय गळतात, गरगरतं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून नागपूरपर्यंत आहे. त्या मुलांना दम लागतो, अंग दुखतं, शाळा बुडते. सकाळी नुसत्या चहावर दोन किलोमीटर चालत आलेलं, एप्रिलच्या उन्हातलं मूल कोणत्याही प्रश्नावलीत चिंताग्रस्त दिसेल.

तेव्हा हा गट फुगलेला दिसला की आधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतंच, त्यांना ते मूल दाखवून ठेवा. सिकलसेल निघाला म्हणून चिंता नाही असंही नाही. दुखण्याच्या धास्तीनं जगणारं मूल दोन्ही घेऊन जगत असतं.

शाळा बुडवतो म्हणजे त्याला शाळेची भीती आहे का?

कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरीपट पाहून काहीच ठरवू नका. वेचणीला गेलेला, लहान भावाला सांभाळायला घरी राहिलेली, एसटी आलीच नाही म्हणून परत फिरलेला, यांचा चिंतेशी संबंध नाही. भीतीनं राहणाऱ्या मुलाचं दुखणं सकाळी असतं आणि शाळेची वेळ टळली की कमी होतं. रविवारी सहसा दुखत नाही. आईला हे पक्कं माहीत असतं, फक्त तिला कोणी विचारलेलं नसतं.

वर्गात सगळ्यांकडून एकदमच भरून घेतलं तर?

वेळ वाचतो, उत्तरं बिघडतात. एका बाकावर तिघं बसलेले असतात, मधला काय करतो ते दोन्हीकडचे बघतात. शेजारच्या दोघांच्या ४१ खुणा तंतोतंत सारख्या आल्या तर ते कागद बाजूला काढा. सगळीकडे ‘कधीच नाही’ असलेला कागदही संशयानं बघा. तो निवांत मुलाचा असेल, नाहीतर ‘घरचं बाहेर सांगायचं नाही’ अशी ताकीद मिळालेल्या मुलाचा.

वर्गशिक्षकांनी कागद गोळा करू नयेत, हे जरा कटू वाटेल. पण ज्यांच्या धाकाबद्दल मूल लिहितंय त्यांच्याच हातात ते खरं कसं देणार? आरोग्यसेविका, समुपदेशक, बाहेरची कोणी व्यक्ती असू द्या. मुलांना अंतर ठेवून व्हरांड्यात बसवा. परीक्षेचा आठवडा टाळा. गावात नुकतीच कोणाची मयत झाली असेल तर तो आठवडाही टाळा.

पोरगं म्हणते एक, त्याची माय सांगते दुसरंच. खरं कोणाचं?

दोघांचंही. ही आपल्या गावची गोष्ट नाही, जगभर असंच दिसतं. आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिलं होतं. मुलानं स्वतःबद्दल दिलेली माहिती आणि इतरांनी त्याच्याबद्दल दिलेली माहिती यांतला सहसंबंध सरासरी फक्त ०.२२ निघाला (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ). आई आणि बाप यांच्यासारख्या, मुलाला सारख्याच ठिकाणी पाहणाऱ्या दोघांतला ०.६० होता.

आईला दिसतं ते वागणं: चिकटून राहणं, जेवण टाकणं, अंथरूण ओलं करणं. मुलाला कळतं ते आतलं. त्यामुळे दोन आकड्यांची सरासरी काढू नका. तफावत कुठल्या वाक्यांवर आहे ते बघा आणि तिथून बोलायला सुरुवात करा. आईबाप कामासाठी बाहेरगावी गेले असतील तर पालकाचा कागद आजीकडून भरून घ्या. सही करणारा काका आणि सांभाळणारी आजी यांत आजीचं उत्तर जास्त मोलाचं.

मराठी भाषांतर आम्हीच केलं तर चालेल का?

मोबाईलवर भाषांतर करून २५ ची रेषा तशीच ठेवायची, हे चालणार नाही. आधी तयार मराठी रूप मिळतं का ते शोधा. करायचंच असेल तर दोघांनी वेगवेगळं भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यावं, आणि मग त्याच वयाच्या काही मुलांना प्रत्येक वाक्य वाचून ‘यातून तुला काय समजलं, तुझ्या शब्दांत सांग’ असं विचारावं. ही शेवटची पायरी सगळे गाळतात आणि तीच सगळ्यात उपयोगाची.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, यवतमाळकडे कोलामी बोलणारी मुलं आहेत. त्यांना पुस्तकी मराठी ही शाळेची भाषा. अशा ठिकाणी कागदापेक्षा त्यांची भाषा बोलणारी ताई समोर बसलेली बरी.

एम.एड. किंवा पीएच.डी.साठी वापरतोय. अल्फा ०.८ च्या वर आला, पुरेसं आहे ना?

नाही. क्रॉनबाखचा अल्फा, १९५१ पासूनचा, वाक्यं एकमेकांशी किती मिळतीजुळती आहेत एवढं सांगतो. ती चिंताच मोजतात की रक्तक्षय, हे सांगत नाही. निदान काही मुलांची मुलाखत तज्ज्ञाकडून करून घ्या आणि गुणांशी ताडून बघा. तेही जमत नसेल तर निष्कर्षात ‘इतके टक्के मुलांना चिंताविकार आहे’ असं लिहू नका. ‘इतक्या मुलांचे गुण रेषेच्या वर आले’ एवढंच लिहा. वर्तमानपत्रवाले उरलेलं काम करतातच.

गावात बोभाटा झाला तर? पोरीच्या लग्नाचं काय?

ही भीती पालक उघड बोलत नाहीत, पण सही न करण्यामागे बहुतेकदा हीच असते. कागदावर नाव लिहू नका, क्रमांक लिहा. नाव-क्रमांकाची यादी एकाच माणसाकडे, शाळेच्या कपाटाबाहेर. पालकांची लेखी परवानगी घ्या. अंगठा असेल तर मजकूर आधी वाचून दाखवा. त्यानंतर मुलालाही वेगळं विचारा. बापानं हो म्हटलं तरी मुलानं नाही म्हटलं तर कागद कोरा परत घ्यायचा, कारण न विचारता.

पण ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलाला देऊ नका. जिवाला धोका किंवा कोणी त्रास देत असल्याचं कळलं तर सांगावंच लागतं, आणि ते आधी सांगून ठेवलेलं बरं.

कोणी समासात ‘जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलं तर?

त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत त्या मुलाशी बोला. एकटं सोडू नका. घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, आणि घरातली फवारणीची औषधं कुलपात टाकायला सांगा. विदर्भात ही सूचना औपचारिक नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. मुलाला कोणी छळत असेल तर मुलांच्या मदतीचा क्रमांक १०९८.

भरून तर घेतलं, आता पाठवायचं कुठं?

हे कागद छापायच्या आधी ठरलेलं हवं. जवळचं म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहे का ते बघा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात. त्यांचा दिवस कोणता, हे फोन करून विचारा, नाहीतर पालकाची मजुरी आणि तिकीट दोन्ही वाया जातं. त्यापुढे सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालयं, नागपूरचं मेडिकल आणि एम्स. पहिल्या भेटीला प्रश्नावलीचा कागद सोबत द्या, फक्त आकडा चिठ्ठीवर लिहून देऊ नका. डॉक्टरांना कोणत्या वाक्यावर खूण आहे ते लागतं.

पुन्हा कधी घ्यायची?

तीन महिन्यांच्या आत नको, कारण ‘स्केअर्ड’ तेवढ्याच काळाबद्दल विचारते. दुसऱ्या वेळी गुण थोडे उतरतात, काहीच उपाय केलेला नसला तरी. त्यामुळे दोन-चार गुण कमी झाले म्हणून शिबिराचं यश जाहीर करू नका.

मोबाईलवर फॉर्म पाठवला तर?

फोन बापाचा असतो, उत्तरं मोठा भाऊ टाकतो. कागदच बरा.

भरलेले कागद किती दिवस ठेवायचे?

मुलाचा पाठपुरावा चालू असेल तोवर, कुलपात. काम संपलं की जाळा किंवा बारीक फाडा. रद्दीत देऊ नका. गावातल्या रद्दीत भजी बांधून मिळतात, आणि कागदावरचं अक्षर कोणाचं ते ओळखणारे गावातच असतात.